बोटाला लागलेली गाठ : प्रस्तावना

मानेतली गाठ दाखवायला आलेला माणूस ती कुठे आहे हे तोंडाने सांगत नाही, बोट ठेवतो. आरशासमोर, अंथरुणात, बसमध्ये, महिनाभर ते बोट तिथेच जात असतं. कधी कधी चाचपून चाचपून गाठीवरची कातडी लाल झालेली असते. वारज्यात बायपासलगतच्या माझ्या सोनोग्राफी सेंटरमध्ये अशी बोट ठेवलेली माणसं रोज येतात. माळवाडी-रामनगरातली शाळकरी मुलं, शिवणे-उत्तमनगरच्या छोट्या कारखान्यांतले कामगार, सिंहगडाच्या पायथ्याकडच्या गावांतल्या आजी, बांधकामावर मराठवाड्यातून आलेली जोडपी, संगणक कंपन्यांतले तरुण. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो आणि तो विचारायचं धाडस थोड्यांनाच होतं. एक मावशी टेबलावर आडव्या होता होता म्हणाल्या होत्या, "मॅडम, त्या रोगाचं नाव घेऊ नका. आहे का नाही, तेवढंच सांगा."

या पुस्तकाचा विषय मावशींच्या प्रश्नाएवढाच आहे. मानेतली गाठ कशामुळे आली हे सोनोग्राफीने किती सांगता येतं, आणि कुठे थांबून सुई हातात घ्यावी लागते? पुस्तक मी मुख्यतः वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहिलं आहे, कारण गाठ पहिल्यांदा त्यांच्या हाताला लागते. पण घरात कुणाच्या मानेत गाठ आली आहे आणि हातात एक न कळणारा रिपोर्ट आहे, अशा माणसालाही ते वाचता यावं असा प्रयत्न केला आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते सांगते. आपल्या शरीरात सुमारे ८०० लसीकाग्रंथी असतात आणि त्यांतल्या ३०० च्या आसपास एकट्या मानेत असतात. कालव्यावर कचरा अडवायला जागोजागी जाळ्या बसवतात, तशा या ग्रंथी. पेशींमधून झिरपलेला द्रव त्यांच्यातून गाळून पुढे रक्तात जातो. जंतू, मेलेल्या पेशी, कॅन्सरच्या सुटलेल्या पेशी, जे काही त्या द्रवातून वाहत येईल ते इथे अडतं आणि त्याच्याशी झुंज सुरू झाली की ग्रंथी फुगते. त्यामुळे गाठ दिसली की मी आधी तिच्या वरच्या अंगाला काय चाललं आहे ते बघते. डोक्याच्या मागे, केसांच्या कडेला गाठी असतील तर मुलीच्या वेण्या सोडून उवा आणि खरूज बघायची. जबड्याखाली असतील तर किडलेला दात. डाव्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात एकच टणक गाठ असेल तर मात्र नजर थेट पोटाकडे जायला हवी, कारण शरीराच्या बहुतेक भागातला लसीकाद्रव वाहून आणणारी मोठी नळी तिथेच शिरेला मिळते. जठराच्या कॅन्सरची पहिली खूण कधी कधी त्या खळग्यात दिसते, हे रुडॉल्फ व्हर्चो यांनी १८४८ साली नोंदवून ठेवलं आणि ती गाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे ही नजर फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा आहे. त्यातलं अपचीचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचता वाचता थांबले होते. जबड्याखाली, मानेत, काखेत येणाऱ्या, आवळ्याच्या बीएवढ्या, माशाच्या अंड्यांच्या जाळीसारख्या एकमेकींना लागून असलेल्या गाठी. काही फुटतात, वाहतात, काही विरतात, तोवर दुसऱ्या येतात आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मानेतला टीबी मॉनिटरवर अगदी असाच दिसतो. आपल्या आज्या त्याला कंठमाळ म्हणायच्या, कुणी गंडमाळ. युरोपात याच रोगाला राजाच्या हस्तस्पर्शाने बरा होणारा रोग मानत. लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला, म्हणजे पुढे इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणाऱ्या लेखकाला, १७१२ साली अॅन राणीसमोर त्यासाठीच नेलं होतं. त्या आजाराचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या २४ मार्चला जगापुढे ठेवला. तोवर या रोगाचं मूळ कुणालाच दाखवता आलं नव्हतं.

पुण्याला गाठीची आणखी एक आठवण आहे. १८९७ चा प्लेग. त्या काळातल्या मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत, कारण रोगाची खूण म्हणजे जांघेतली, काखेतली, कधी मानेतली सुजलेली ग्रंथी. ती शोधायला गोरे सैनिक घरात शिरले. बायकापुरुषांना उघड्यावर उभं करून काखा-जांघा चाचपल्या गेल्या. त्या अपमानाचा राग किती खोल गेला हे २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्यांनी दाखवलं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला गेल्या. गाठ तीच. एका हाताने ती माणसाला उभं करून तपासली, दुसऱ्याने त्याला पाठीवर घेतलं. अनोळखी माणसाच्या मानेवर जेल लावून प्रोब टेकवण्याआधी मी आजही हे आठवते, आणि आधी सांगते, की थंड लागेल, दुखणार नाही, मान इकडे वळवा.

आता यंत्राकडे येऊ. सोनोग्राफी म्हटलं की लोकांना गरोदरपण आठवतं. "मानेची पण सोनोग्राफी असते का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. असते, आणि पोटापेक्षा मानेत ती जास्त बारीक दिसते. पोटाच्या सोनोग्राफीत आवाज खोल जायला हवा, म्हणून तीन ते पाच मेगाहर्ट्झची कंप्रता वापरतात. मानेतल्या बहुतेक ग्रंथी कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे बारा, पंधरा, अठरा मेगाहर्ट्झपर्यंत जाता येतं. शरीरात हा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. भागाकार केला तर साडेतीन मेगाहर्ट्झला लहरीची लांबी मिलीमीटरच्या निम्म्याच्या जवळ येते, बारा मेगाहर्ट्झला मिलीमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढी. लहर जितकी आखूड तितकं बारीक दिसतं. तांदळाच्या कण्यांएवढे चुन्याचे साठे, वाळूसारखे ठिपके, ग्रंथीच्या आतलं जाळं हे सगळं त्यामुळे दिसतं. एके काळी जुन्या यंत्रांवर लिम्फोमाची, म्हणजे लसीकाग्रंथीच्याच कॅन्सरची, गाठ इतकी एकसारखी काळी दिसायची की ती पाण्याची पिशवी वाटे. आज तीच गाठ चांगल्या प्रोबखाली बारीक जाळीसारखी दिसते.

निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी असते. लांबट, गुळगुळीत, आणि दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथे जशी खूण असते तसा तिलाही एक देठ असतो. देठातून रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात. पडद्यावर दाण्याची कड काळसर आणि देठ पांढरा चमकदार दिसतो. मानेच्या सोनोग्राफीची सगळी विद्या या दाण्यापासून सुरू होते. तो लांबट आहे की गोल झाला आहे? लांबी रुंदीच्या दुप्पट तरी आहे का? देठ जागेवर आहे की पुसला गेला? कड नीट आहे की आसपासच्या चरबीत पसरली आहे? आत काही विरघळलं आहे का, चुना आहे का? एकटीच आहे की चार-पाच एकमेकींना चिकटून गुंता झाला आहे? या प्रश्नांची शिस्त १९९० च्या दशकापासून ज्यांनी घट्ट केली त्यांत हाँगकाँगचे अनिल आहुजा आणि मायकेल यिंग यांची नावं आधी घ्यावी लागतात. माझ्या पिढीचे रेडिऑलॉजिस्ट मानेची ग्रंथी बघायला शिकले ते बरंचसं त्यांच्या शोधनिबंधांवरूनच.

आणि इथेच मला सगळ्यात मोठी हरकत घ्यायची आहे. पाश्चात्य पुस्तकांत लिहिलेलं असतं: गोल झालेली, देठ हरवलेली, टणक ग्रंथी ही कॅन्सरची समजावी. हे नियम ज्या रुग्णालयांत तयार झाले तिथे मानेची गाठ घेऊन येणाऱ्यांत कॅन्सरचेच रुग्ण जास्त असतात. वारज्यात तसं नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत सर्वाधिक वेळा लागण होते ती लसीकाग्रंथीलाच. आणि टीबी तर ग्रंथी गोल करतो, देठ पुसतो आणि पुष्कळदा टणकही करतो. तिन्ही खुणा असूनही गाठ टीबीची निघते. ज्या परिसरात एक रोग घरोघर आहे तिथे दुसऱ्या परिसरातले आकडे जसेच्या तसे लावले तर सहा महिन्यांच्या औषधांनी बरी होणारी मुलगी महिनाभर कॅन्सरच्या भीतीत राहते. उलटही घडतं, आणि ते जास्त वाईट. "आपल्याकडे गाठ म्हणजे टीबीच" असं धरून खऱ्या कॅन्सरच्या माणसाला टीबीची औषधं चालू होतात.

म्हणून टीबीच्या स्वतःच्या खुणा वेगळ्या शिकाव्या लागतात आणि पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याचंच आहे. ग्रंथी एकमेकींना चिकटणं. आजूबाजूची चरबी सुजणं, जणू गाठीभोवती धुकं. आत चक्क्यासारखा मेलेला भाग, जो कधी कधी काळा द्रव होऊन प्रोब दाबला की डुचमळतो. गाठीतून कातडीकडे जाणारी अरुंद वाट, वर एक फोड आणि खाली मोठा पू. मानेच्या मागच्या त्रिकोणात आणि गळपट्टीच्या हाडावर टीबीच्या गाठी जास्त सापडतात. यातली एखादी खूण कॅन्सरमध्येही दिसेल. तीन-चार एकत्र आल्या की पारडं टीबीकडे झुकतं. त्यातही तरुण बाई, मागच्या त्रिकोणातल्या दुखऱ्या गाठी आणि बरेच दिवसांचा ताप असं असेल तर किकुचीचा आजार मनात ठेवावा. जपानमध्ये १९७२ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला हा आजार आपोआप बरा होतो. आपल्याकडे त्यालाही टीबी समजून सहा महिने औषधं दिली जातात.

रक्तप्रवाह बघायचा तो डॉपलरने. माझ्या सेंटरमध्ये बसून ते समजावणं सोपं आहे. बायपासवरून मुंबईकडून बेंगळुरूकडे जाणारा ट्रक हॉर्न वाजवत येतो तेव्हा आवाज वरच्या पट्टीत असतो, समोरून पुढे निघून गेला की एकदम खाली उतरतो. ख्रिश्चन डॉपलर यांनी हा नियम १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशासाठी मांडला. आज तोच आपल्याला सांगतो की लाल पेशी प्रोबकडे येत आहेत की लांब चालल्या आहेत. सुजलेल्या पण साध्या ग्रंथीत रक्त देठातून शिरून फांद्यांसारखं पसरतं. कॅन्सर शिरला की नव्या रक्तवाहिन्या कडेच्या सालीतून आत घुसतात. टीबीत मेलेला भाग रक्तहीन असतो आणि देठाच्या वाहिन्या एका बाजूला ढकललेल्या दिसतात. लिम्फोमात देठापाशी रक्ताची रेलचेल असते. हे बघताना प्रोब हलका धरावा. घाईत दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि रक्ताने भरलेल्या गाठीचा रिपोर्ट "रक्तप्रवाह नाही" असा जातो. मी हे नव्या मुलांना शिकवताना प्रोबवरचा त्यांचा हात माझ्या हाताने उचलून धरते.

इलास्टोग्राफी हा त्यापुढचा टप्पा. चाचपताना बोट जे करतं तेच यंत्राने मोजायचं, की गाठ किती टणक आहे. १९९१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. हलका दाब दिला की मऊ भाग जास्त चेपतो, टणक भाग कमी. पुढे आली ती तिची दुसरी पद्धत, ज्यात यंत्र स्वतःच आवाजाचा जोरदार धक्का देतं आणि पेशीजालात एक आडवी लाट उठवतं. गणपतीआधी नदीकाठी सराव करणाऱ्या पथकांतली मुलं ढोलाचं पान ताणतात तेव्हा आवाज चढतो, कारण ताणलेल्या पानावर लाट वेगाने पळते आणि ढिल्या पानावर रेंगाळते. इथेही तसंच. मऊ ग्रंथीत ही आडवी लाट सेकंदाला एक-दोन मीटर जाते, टणक गाठीत त्याहून बरीच वेगाने. चित्र काढणारा ध्वनी मात्र १५४० मीटरने धावत असतो, म्हणून तो या मंद लाटेचा पाठलाग करून तिचा वेग मोजू शकतो. त्या वेगावरून टणकपणाचा आकडा निघतो, किलोपास्कलमध्ये.

हे फार देखणं तंत्र आहे आणि मला ते मनापासून आवडतं. तरी त्याच्या भरवशावर मी कुणालाही कॅन्सर आहे किंवा नाही असं सांगत नाही. चक्क्यासारखा विरघळलेला टीबी मऊ दिसतो आणि जुना, तंतूंनी भरलेला टीबी दगडासारखा. लिम्फोमा हा कॅन्सर असूनही बहुधा मऊ असतो. आतून विरघळलेली कॅन्सरची गाठही मऊ लागते. शेजारीच मानेची धमनी प्रत्येक ठोक्याला सगळं हलवत असते, तेही मोजणीत शिरतं. रंगांचं तर आणखीच. एका यंत्रावर टणक भाग निळा दिसतो, दुसऱ्यावर लाल. रुग्ण मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढतात, लाल रंग बघतात आणि रात्रभर झोपत नाहीत. म्हणून रंगीत चित्र देताना बाजूला मराठीत दोन ओळी लिहायच्या, ही सवय मी लावून घेतली.

माझ्या चुकीची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुस्तकाचा विचार तिथून सुरू झाला. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतले एक काका जबड्याखालची गाठ घेऊन आले. ग्रंथी लांबट होती, देठ दिसत होता. एका टोकाला कड थोडी जाड होती, तिच्याकडे मी पाहिलं, मोजलं आणि "साधी सूज" असं लिहिलं. जबड्याच्या कोनाखालची ग्रंथी निरोगी माणसातही मोठी असते हे मला माहीत होतं आणि त्या माहितीवर मी विसंबले. चार महिन्यांनी ते परत आले तेव्हा गाठ तिप्पट झाली होती आणि जिभेच्या कडेला व्रण होता. तो पहिल्या दिवशीही असणार. मी त्यांना तोंड उघडायला सांगितलंच नव्हतं. कॅन्सर ग्रंथीत शिरतो तो आधी कडेच्या एका कोपऱ्यात. देठ तेव्हा शाबूत असतो. त्या दिवसापासून मानेवर प्रोब ठेवण्याआधी मी प्रत्येकाला तोंड उघडायला लावते, मिश्री-तंबाखू विचारते आणि टॉर्चने जिभेच्या दोन्ही कडा बघते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी या टॉर्चच्या उजेडात मला रोज डागलेली तोंडं दिसतात. मिश्री लावणाऱ्या आजी तर ती तंबाखूत धरतच नाहीत. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" असं विचारावं लागतं.

तोंडाच्या कॅन्सरबाबत एक मराठी भूमीतला अभ्यास मी नव्या डॉक्टरांना वाचायलाच लावते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर असलेल्या, पण मानेत हाताला गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत थांबले. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. त्याच अभ्यासात दुसरा प्रश्नही गुंफलेला होता: पुढच्या तपासण्यांत मानेची सोनोग्राफी जोडल्याने फरक पडतो का? मला त्यातून कळलं ते हे, की बोटाला गाठ न लागणं ही निरोगी मानेची हमी नसते. आणि सूक्ष्मदर्शकालाच दिसणाऱ्या मूठभर पेशी माझ्या अठरा मेगाहर्ट्झलाही दिसणार नाहीत, हे रिपोर्ट लिहिताना मी विसरता कामा नये.

मग सोनोग्राफीचा उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग सुईला वाट दाखवण्याचा. आधी तर ती लसीकाग्रंथीच आहे का, हे कळतं. लाळग्रंथीतला खडा, थायरॉइडची गाठ, जन्मजात पिशवी, गालगुंड या सगळ्यांना लोक गाठच म्हणतात. धमनीच्या दुभाजकावरची रक्ताने भरलेली गाठ असेल तर तिथे आंधळी सुई घालणं धोक्याचं, आणि डॉपलर ते क्षणात सांगतो. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मानेत नव्याने आलेली "पाण्याची पिशवी" ही घशातल्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची विरघळलेली ग्रंथी असू शकते, तिला जन्मजात म्हणून सोडू नये. दहा गाठींतली कुठली निवडायची, तिच्यातही कुठे टोचायचं, हे चित्र सांगतं. कॅन्सरची शंका असेल तर रक्त खेळत असलेल्या जिवंत भागातून पेशी घ्यायच्या. टीबीची असेल तर मधला पूही घ्यायचा. थायरॉइडची असेल तर सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन मोजायला सांगायचं. लिम्फोमा वाटला तर बारीक सुईवर भागवू नये, जाड सुईचा तुकडा किंवा अख्खी ग्रंथी हवी. आणि एक कळकळीची विनंती: सगळा नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत बुडवू नका. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून औषधं लागू पडतात का ते तपासता येत नाही. थोडा भाग साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवा, म्हणजे सीबीनॅटही होईल आणि कल्चरही. सीबीनॅट दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला तो दाद देतो का हे सांगतं. हे सगळं ज्या टेबलावर घडतं तिथे एक रिकामी निर्जंतुक बाटली ठेवायला खर्च येत नाही.

एका तरुणाला सुई न लावताच तीन महिने टीबीची औषधं दिली गेली होती. गाठी वाढतच होत्या, मधे स्टेरॉइडही देऊन झालं होतं. माझ्याकडे आला तेव्हा दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काळ्या, एकसारख्या, देठापाशी रक्ताने भरलेल्या होत्या. लिम्फोमा निघाला. स्टेरॉइडमुळे पहिल्या तुकड्यात निदान झालं नाही, दुसरा घ्यावा लागला. त्याच्या आईने मला विचारलं, "आधीच का नाही बघितलं कुणी?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे पुस्तक लिहायला बसले ती त्याच आठवड्यात.

टीबी ठरला तर पुढचं काम औषधांइतकंच बोलण्याचं असतं. टीबी फक्त मानेतल्या ग्रंथीतच असेल तर तो खोकल्यातून पसरत नाही. छातीचा एक्स-रे बघून फुप्फुसं स्वच्छ असल्याची खात्री झाली की ताट-वाटी वेगळी करायचं काही कारण नाही. हे मी सासू, नवरा आणि रुग्ण तिघांना एकत्र बसवून सांगते, कारण एकीला सांगितलेलं घरी पोचत नाही. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीची आई गळ्यापाशी ओढणी नीट करून विचारते, "डाग राहील का?" गाठ फुटायच्या आधी निदान झालं तर बहुधा राहत नाही. आणि औषधं चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गाठ अचानक वाढली तर औषध लागू पडत नाही असं लगेच ठरवू नये. अगदी पाचांतल्या एका रुग्णापर्यंत असं होऊ शकतं. मेलेल्या जंतूंवर शरीर उसळतं, म्हणून. पण तो दाद न देणारा टीबीही असू शकतो, आणि या दोहोंतला फरक माझं चित्र सांगू शकत नाही. तिथे पुन्हा सुई, पुन्हा कल्चर.

कायद्याविषयीही थोडं. माझ्या सेंटरच्या भिंतीवर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" अशी पाटी आहे. गाठ घेऊन आलेल्या माणसाला तिचं नवल वाटतं. देशाचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा केला होता, सगळ्या राज्यांच्या आधी. या कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदवलेल्या जागेतून सहज हलवता येत नाही, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ परदेशातल्यासारखं खिशात प्रोब घेऊन खाटेपाशी जाऊ शकत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. या राज्यात किती मुली जन्माआधी गेल्या ते मी शिकत होते तेव्हा पाहिलं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की गाठ सेंटरपर्यंत चालत यावी लागते, आणि ती वेळेवर पाठवणारा वस्तीतला डॉक्टर हाच आपल्याकडचा खरा पहिला तपासनीस आहे. दोन आठवड्यांत न विरलेली, वाढत चाललेली, न दुखणारी टणक गाठ, किंवा गळपट्टीच्या हाडावरची कुठलीही गाठ तुमच्या हाताला लागली तर अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स लिहू नका, पाठवा. त्यातही क्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक तर टाळाच. ते टीबीला अर्धवट दाबतं आणि निदान लांबतं.

पुस्तकातली सगळी चित्रं माझ्या सेंटरमधली आहेत. नावं, तारखा काढून टाकल्या आहेत आणि प्रत्येकाची परवानगी घेतली आहे. त्या जिभेच्या व्रणवाल्या काकांच्या घरच्यांनीही ती दिली. त्यांचं चित्र सातव्या प्रकरणात आहे, माझ्या चुकीच्या रिपोर्टच्या मजकुरासकट. एकाही चित्राला मी केवळ "मानेत गाठी दिसतात, रुग्णाशी ताडून पाहावे" अशी ओळ दिलेली नाही. प्रत्येकाखाली काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, सुईने काय सांगितलं, आणि दोन्ही जुळलं नाही तर का, हे लिहिलं आहे.

पहिलं चित्र रोगाचं नाही. माळवाडीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या मानेतली साधी ग्रंथी आहे ती, उवांमुळे जराशी फुगलेली, देठ पांढराशुभ्र, रक्त मधोमध एका फांदीने शिरलेलं. तिच्या आईने ते चित्र घरी नेऊन देवघराशेजारी चिकटवलं आहे, असं ती मला पुढच्या वेळी म्हणाली. पान उलटण्याआधी ते चित्र निवांत बघा, कडा बोटाने गिरवून बघा, देठ कुठे आहे ते शोधा.

वारजे, पुणे